रेवाईच्या माहेरचं फूल

झिलूचा मुलगा कान्हू तापानं गेला तेव्हा पावसाळा सरत आला होता. दिग्गीच्या रानात ताप काही नवा नव्हे. दरसाल तो येतो, घराघरांत शिरतो आणि कुणाला ना कुणाला घेऊन जातो. म्हातारं माणूस गेलं की लोक म्हणतात, भरलं त्याचं. पण अंगणात दुडूदुडू धावणारं पोर गेलं की तापाचं नाव घेऊन कुणाचं समाधान होत नाही. मग लोक माणूस शोधायला लागतात. आणि शोधायचाच म्हटला तर माणूस सापडायला कितीसा वेळ लागतो!

झिलूच्या बायकोला, फुलाला, तो घरातच सापडला. तिची थोरली जाऊ, केशर. केशरचा नवरा वासू म्हणजे झिलूचा सख्खा थोरला भाऊ. घाटात साहेबाच्या बंगल्यासाठी लाकडं ओढताना ओंडक्याखाली सापडून तो मेला, आणि मागं राहिल्या केशर नि तिची पोर सुगी. सुगीचे अजून दुधाचे दात पडायचे होते. दोघी जावा एकाच चुलीवर रांधायच्या, एकमेकींच्या पोरांना न्हाऊ घालायच्या, आणि रोज भांडायच्या, जशा सगळ्याच जावा भांडतात. केशर कान्हूला मांडीवर घेऊन म्हणायची, "कसं गोमटं गं हे सोनं! दिष्ट लागायची कुणाची तरी." एवढंच म्हणायची बिचारी. पोर जिवंत होतं तोवर ते शब्द गोड होते. ते गेल्यावर त्याच शब्दांत विष निघालं.

फुलानं अन्न टाकलं, बोलणं टाकलं. आणि बोलली ती एकदम चारचौघांत, पाणवठ्यावर बोलली. "अक्कानं खाल्लं माझ्या कान्हूला. आदी नवऱ्याला खाल्लं, मग माझ्या पोराला. हिला भूक हाय, बायांनो. आपापली पोरं संबाळा."

झालं! दुसऱ्या दिवसापासून केशर पाणवठ्यावर आली की बाया घागरी उचलून चालू लागल्या. कुणाची म्हैस आटली, तरी केशर. कुणाच्या पायाला काटा लागून पिकला, तरी केशर. शेवटी गावाचा मुख्य, लाडू गावकर, यानं मांडावर, गावाच्या बैठकीच्या जागी, माणसं बोलावली. लाडू गावकर भला माणूस होता हो, त्याच्यात खोट काढायची सोय नाही. त्यानं केशरला हाकलून द्या म्हटलं नाही. तो म्हणाला, "आपुन कोण ठरवणार? रेवाईला इचारू."

रेवाई म्हणजे दिग्गीची देवी. काळा, गुळगुळीत दगड. पूर्वज समुद्राकाठून पळून रानात चढले तेव्हा टोपलीत घालून त्यांनी तिला वर आणली. म्हणून समुद्राची रेती हे तिचं माहेर. रोजचे बारीकसारीक कौल ती कसल्याही फुलाचे घेते. ओल्या दगडावर उजवीडावीकडं पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी आधी गळली तर होय, डावी गळली तर नाही. पण माणसाला ठेवायचं की गावाबाहेर काढायचं, असा कौल असला की देवी माहेरचंच फूल मागते. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकाडांवर उगवणारी रेवकळी. दुसरं चालत नाही.

आणि त्याचे नियम असे, की ऐकूनच माणसानं हात टेकावेत. जिच्यावर आळ आहे तिनंच घाट उतरून जायचं. तिनंच आपल्या हातानं फूल मुळासकट काढायचं, आपल्याच डोक्यावर वाहायचं. वाटेत परक्याशी एक शब्द बोलायचा नाही. तिच्याबरोबर घरचाच एक माणूस साक्षीला जायचा, त्यानं मात्र फुलाला बोटसुद्धा लावायचं नाही. फूल ताजं, टवटवीत देवीपुढं आलं पाहिजे. देवीपुढंच पाकळ्या तोडायच्या.

"उजवी गळली तर केशर घरात ऱ्हाईल, आनि परत तिला कुणी बोल लावला तर माझ्याशी गाठ हाय," लाडू गावकर म्हणाला. "डावी गळली तर गाव सोडायचं. प्वार न्यायची न्हाई. प्वार बापाच्या घरची."

ते शेवटचं ऐकल्यावर केशर पहिल्यांदा हलली. तोवर ती ताठ उभी होती. तिनं सुगीला जवळ ओढली, तिचं डोकं आपल्या लुगड्यात लपवलं आणि म्हणाली, "आणते फूल. देवी माझी हाय. ती खोटं न्हाई करायची."

साक्षीला झिलू निघाला. दुसरं होतं कोण? निघताना फुलानं त्याला गोठ्यामागं गाठलं. पोर गेल्यापासून तिनं नवऱ्याच्या डोळ्यांकडं बघितलं नव्हतं, ते आता बघितलं.

"अवं, ती ह्या घरात परत आली तर मी नदीत जीव दीन. सांगून ठिवते. सुगीला मी वाढवीन. माझ्या मांडीवर वाढवीन. माझी मांडी रिकामी हाय, तेवडी भरू द्या."

झिलूला ठाऊक होतं की केशरनं काही केलेलं नाही. चांगलं ठाऊक होतं. कान्हूला उलट्या होत होत्या तेव्हा ती घाण कुणी काढली होती? केशरनं. पण ठाऊक असणं निराळं आणि तोंड उघडणं निराळं. तो फुलाला म्हणाला, "देवीच्या हातात हाय गं सगळं." पळवाट काढायला देवी किती बरी पडते!

अणशीचा घाट उतरून दोघं कद्र्याला आली आणि तिथून होडीनं काळी नदीतून खाली. होडीत परकी माणसं होती म्हणून केशर तोंडाला कुलूप लावून बसली होती. मात्र उतरल्यावर तिची जीभ सैल सुटली. बाई मुळातच बोलकी. "भावजी, एवडं पानी आनि त्यातलं प्यायला घोटभर न्हाई! कसली ही देवी, असल्या खारट माहेरातली?" असं म्हणून ती हसलीसुद्धा. समुद्र बघून तिला हसू येत होतं. ही हसते कशी, या विचारानं त्याला तिचा राग आला. ती रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

नदी समुद्राला मिळते तिथल्या पलीकडच्या तीरावर वाळूची टेकाडं होती. वाळूवर मर्यादवेल पसरलेली, तिची जांभळी फुलं ढीगभर. ती फुलं कुणीही आणील. रेवकळी तशी नव्हती. केशर गुडघ्यांवर टेकाडामागून टेकाड धुंडाळत फिरली. ऊन डोक्यावर चढलं, ढोपरं सोलली, वाळू डोळ्यांत गेली. अखेर केवड्याच्या बनामागं, जिथं वारा थेट लागत नाही अशा एका खोलगटीत ती तिला दिसली. वीतभर झाड. पानं जाड, बारीक लव असलेली. वर एकच फूल, फिकट गुलाबी, कागदासारख्या पाकळ्यांचं, आणि शेजारी दोन मिटलेल्या कळ्या. केशरनं वाळूवर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडायला लागली. मग बोटांनी उकरायला बसली. मुळं खोल होती, हात कोपरापर्यंत वाळूत घालावा लागला.

ती उकरत होती तेव्हा झिलू लांब, सुकत घातलेल्या मासळीजवळ उभा होता. मासळी राखणारी एक म्हातारी खारवीण होती, पार्वती नावाची. तिनं केशरकडं बघितलं नि झिलूला आपल्या कोकणीत विचारलं, रेवकळी काढताय काय? झिलू लाकडांच्या कामावर असताना या बाजूला येऊन गेलेला, त्याला ती भाषा कळायची. तो हो म्हणाला. तशी म्हातारी म्हणाली, जपून न्या हो. कोरड्या वाळूतच ठेवा. हे झाड दवावर जगतं. मुळाला पाणी लागलं की आधी फुगतं आणि मग मिठासारखं विरघळतं. त्या बाईला सांगा, पाणी दाखवू नको म्हणावं.

"सांगतो," झिलू म्हणाला.

आणि सांगणार होता तो. खोटं कशाला बोला, त्या घडीला त्याच्या मनात सांगायचंच होतं. पण केशर झाड घेऊन आली ती नाचतच आली, लहान पोरीसारखी. "भावजी, बघा! बघा कसं हाय! माझी सुगी वाचली, भावजी!" सुगीचं नाव निघालं आणि झिलूला फुलाची मांडी आठवली. त्यानं विचार केला, वाटेत सांगू. वाट काय थोडी आहे?

रानातली माणसं झाड कसं नेतात? सुरण असो, कणगीचा कंद असो, मिरीचा वेल असो, मुळाशी ओलं शेवाळ बांधायचं, वरून चवईचं, म्हणजे रानकेळीचं, पान गुंडाळायचं आणि दिसेल त्या ओहोळावर थांबून पाणी शिंपडायचं. केशरनं जन्मात दुसरं काही केलेलं नव्हतं. पाणी म्हणजे जीव, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, ते तिच्या हातांनाच ठाऊक होतं. कद्र्याला होडीतून उतरल्याबरोबर तिनं पहिलं काम केलं ते हेच. मुळाची वाळू झटकली. "ह्या मेल्या रेतीत काय जीव ऱ्हानार हाय तुजा," असं झाडाला म्हणाली. दगडावरचं हिरवंगार शेवाळ खरवडून मुळाशी बांधलं आणि ओंजळीनं पाणी घातलं. "पी गं बाई, पी. लांब जायचंय आपल्याला."

झिलू बाजूच्या दगडावर बसून हे बघत होता. तोंड उघडायला किती वेळ लागतो? 'वैनी, पानी नगं' एवढं म्हणायला? जीभ झडली होती का त्याची? नव्हती झडली. त्यानं तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि त्याच तोंडात ते तीन शब्दही ठेवून दिले.

पुढच्या ओहोळावर केशर परत थांबली. झिलूच्या मनात आलं, आता सांगतो. मग आलं, आता सांगितलं तर ही विचारील, आधी का नाही सांगितलं? प्रत्येक ओहोळावर सांगणं थोडं अवघड होत गेलं. आणि घाटात त्या दिवसांत ओहोळ काय कमी असतात!

झाड मात्र दिसायला झकास दिसायला लागलं. पानं फुगली, चकाकली. केशरचा आनंद गगनात मावेना. "भावजी, बघा तरी कशी गुबगुबीत झालीत पानं! काल कशी मरतुकडी हुती. देवीला कळलंय, मी काय केलं न्हाई ते."

"व्हय," झिलू म्हणाला.

अर्ध्या घाटात केशरच्या पायाला दगडाची कपची लागली. टाच कापली, रक्त थांबेना. ती झाड गुंडाळलेलं पान मांडीवर घेऊन वाटेतच बसली. ओहोळ खाली दरडीत होता. तिला उतरवेना. "भावजी, माझ्यानं चालवत न्हाई. ऊन लागतंय झाडाला. तेवडं द्रोणभर पानी आणा. तुमी हात नगा लावू झाडाला, नुसतं वरनं ओता."

झिलू उतरला. त्यानं पानाचा द्रोण केला, थंडगार पाणी भरलं, सांडू नये म्हणून जपून वर चढला. आणि ओतलं. फुलाला बोट लावायचं नाही, एवढा नियम त्यानं तंतोतंत पाळला. केशरनं त्याच्याकडं वर बघून म्हटलं, "तुमचे उपकार कुठं फेडू, भावजी?"

तिथंच त्या माणसाला दरडीवरून ढकलून द्यायला हवं होतं. पण ढकलायला होतंच कोण?

गाव जवळ आलं तसं केशरचं बोलणं बंद झालं. तिनं पान उघडून बघायचं सोडून दिलं होतं. पान वरूनच चिकट लागत होतं, आणि त्याला एक वास यायला लागला होता. ती त्यावर घाबऱ्याघाबऱ्या आणखी पाणी शिंपडत होती. एकदा तिनं झिलूकडं नुसतं बघितलं. त्यानं नजर पायाकडं वळवली आणि काटा लागल्याचं सोंग केलं.

देवळापुढं सगळा गाव जमलेला होता. लाडू गावकर आंघोळ करून, ओलेत्यानं बसला होता. दगड धुतलेला होता. केशरनं सुगीला शोधलं. सुगी फुलाच्या कडेवर होती, केसांना तेल लावलेली, हातात गुळाचा खडा. "आई!" म्हणून तिनं हाक मारली. फुलानं तिला दुसऱ्या कडेवर घेतली.

गावकरानं पान सोडलं. आत काळसर, बुळबुळीत चिखल होता. फुलाच्या पाकळ्या त्यात कुठं होत्या ते शोधायला बोट घालावं लागलं असतं. पुढं बसलेल्या बायांनी नाकाला पदर लावला.

केशरच ओरडली, "मी लई जपलं! परत्येक ओहोळाला पानी घातलं! पायातनं रगत व्हात हुतं तरी घातलं! भावजींना इचारा, भावजी, सांगा की!"

गावकरानं झिलूकडं बघितलं. "झिलू, देवीपुढं खरं बोलायचं. हिनं हेळसांड केली?"

"न्हाई," झिलू म्हणाला. "काळजी घेतली. पानी घालत हुती सारखं."

बघा, एक अक्षर खोटं बोलला नाही. देवीपुढं खरं बोलला! आणि त्या खऱ्यानंच केशरचा गळा कापला. कारण लाडू गावकरानं मान डोलवली आणि दुःखानं म्हणाला, "हेळसांड केली असती तर म्हटलं असतं, जा, दुसरं आण. एवडी काळजी घेऊन, एवडं पानी घालून फूल सडतंय, म्हंजे देवीनंच ते थुकलंय. पाकळी लावायचीबी येळ आणली न्हाई तिनं. बाय, तू गाव सोड."

केशर झिलूकडं बघत राहिली. तिला काही कळलं होतं की नाही, कोण जाणे. पण ती त्याला शिव्या देईल, त्याच्या अंगावर येईल, असं त्याला वाटलं होतं. तसलं काही तिनं केलं नाही. ती गावकराच्या पाया पडली, मग फुलाच्या पाया पडली. धाकट्या जावेच्या पायावर डोकं ठेवून म्हणाली, "फुला, मी गोठ्यात ऱ्हाईन. तोंड न्हाई दाखवणार. प्वार नगं तोडू माझी." फुलानं पाय मागं घेतले.

गावाबाहेर काढायचं म्हणजे तिच्या पाठीवर घरटी एक मूठ चुलीतली राख टाकायची, ही रीत. पहिली मूठ तिच्याच घरची. झिलूचा हात वर होईना. तेव्हा फुलानं राख सुगीच्या मुठीत दिली आणि तिच्या कानात म्हणाली, "टाक आईवर. शिमग्यावानी."

सुगीला मोठी मौज वाटली. तिनं खिदळत मूठ भिरकावली. बरीचशी उडून तिच्याच केसांत पडली. ज्याला काढलं त्यानं मागं वळून बघायचं नसतं. केशर वळली. राखेनं माखलेल्या तोंडानं म्हणाली, "वाऱ्याच्या उलट टाकू नगं, बाळा. डोळ्यात जाईल." मग लंगडत वाटेला लागली. मागून बाकीच्या घरांच्या मुठी पडत राहिल्या. सुगी टाळ्या पिटत होती आणि आणखी राख मागत होती.

केशरचं माहेर बाजारकुणंगला. तिच्या आधी तिची बातमी तिथं पोचली होती. भावानं दार उघडलं नाही.

इकडं झिलूचं घर भरलं. फुला जेवायला लागली. अंगावर मांस चढलं, बोलायला लागली, एकदा तर ओव्या म्हणत जात्यावर बसलेली झिलूनं ऐकली. सुगी पहिले काही दिवस आईसाठी रडली. मग फुलाच्या कुशीत झोपायला लागली. फुला तिला पहिला घास भरवायची, तिच्या केसांना रोज तेल लावायची, तिच्यासाठी म्हशीची साय बाजूला काढून ठेवायची. बघणाऱ्याला खरंच वाटावं, हिच्याच पोटची पोर आहे. झिलूलाही तसंच वाटायला लागलं. त्यानं मनाशी हिशेब मांडला, एक बाई गेली, पण एक बाई वाचली आणि पोरीला काही कमी नाही. असले हिशेब नेहमी बरोबरच येतात, कारण मांडणाराच आकडे धरतो.

होळीच्या आधी बाजारकुणंगचा नागू मिरी घेऊन सुप्याला गेला होता, तो येताना झिलूकडं पाणी प्यायला थांबला. त्यानं सांगितलं, सुप्याच्या सडकेवर खडी वाहणाऱ्या बायांत केशर दिसली. टाच पिकून पाय काळा पडला आहे. दिग्गीकडचा कुणीही दिसला की एकच विचारते, सुगी जेवते का? बाकी काही विचारत नाही.

त्या दिवसापासून झिलूच्या घशाखाली घास उतरेना. त्यानं ठरवलं, आता बोलायचं. आधी फुलाशी, मग गावकराशी, मग सुप्याला जाऊन वैनीला खांद्यावर घालून आणायची. फुलाचं मन आता निवलं आहे, तिची मांडी भरली आहे, ती ऐकेल. मूर्ख माणूस! ज्या दिवशी बोलायचं त्या दिवशी गप्प बसला, आणि आता बोलायची हौस आली.

दुपार टळली होती. फुला अंगणात सुगीची वेणी घालत होती. एक वेणी घालून झाली होती, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे होते. सुगी मध्येच उठून कोंबडीच्या पिलांमागं धावली. झिलू फुलाजवळ उकिडवा बसला आणि सगळं सांगून टाकलं. म्हातारी, वाळू, पाणी, द्रोण. काही म्हणजे काही लपवलं नाही.

फुलाच्या हातातली फणी थांबली. "खरं?"

"रेवाईची आण."

"म्हंजे अक्कानं काय केलं न्हवतं."

"न्हाई."

"तिनं न्हाई खाल्लं माझ्या कान्हूला."

"न्हाई गं, न्हाई." झिलूचे डोळे भरून आले. त्याच्या छातीवरचा धोंडाच उतरला. फुला ओरडली नाही, रडली नाही, त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्याला वाटलं, किती चांगली बाई ही, आपण उगीच भ्यालो. तो बोलतच सुटला. "उद्या मी गावकराकडं जातो. दंड सांगतील तो भरीन. वैनीला आणू. तिचा पाय बरा करू. सगळी मिळून..."

फुला ऐकत नव्हती. ती फणीतले केस काढून त्यांचं गुंडाळं करत होती.

"मग कुणी खाल्लं?" ती म्हणाली.

"आँ?"

"अक्कानं न्हाई, तर माझ्या पोराला कुणी खाल्लं?"

"ताप हुता गं तो. ताप."

"ताप कुणी घातला?" तिचा आवाज अगदी शांत होता. पाणवठ्यावर बोलली होती त्याहून शांत. "मी दिसभर शेतात. अक्का रानात कंद काढायला. तुमी लाकडावर. मग कान्हूजवळ कोण असायचं? त्याला झोके कोण देत हुतं? त्याच्या तोंडात तोंड घालून कोण बसत हुतं?"

झिलूला आधी कळलंच नाही. मग कळलं, तसं त्यानं तिचं मनगट धरलं. "फुला, खुळी हायस काय? ल्हान प्वार हाय ती! तूच वाढवलीस की तिला!"

"व्हय. माझ्या हातानं भरवली." फुलानं मनगट सोडवून घेतलं, उठली आणि रांजणापाशी जाऊन हाताचं तेल राखेनं घासून धुतलं. "गावकराला सांगायचं म्हनत हुता न्हवं? सांगा. मीबी येते. प्वार ल्हान हाय, एकटी कशी जाईल फूल आणायला? साक्षीला तुमीच जा तिच्यासंगं."

झिलूनं तोंड उघडलं. पण जे सांगायचं होतं ते तो सांगून बसला होता.

पिलं हुसकून सुगी धापा टाकत परत आली. फुलाच्या बसकुरावर, होती त्या जागी पाठ करून बसली आणि मोकळे केस हातानं पुढं घेऊन म्हणाली, "काकी, दुसरी येणी घाल की."